डोक्यामागचे चार बोटांचे अंतर

वसईजवळच्या नायगावच्या माणसाला रेल्वेगाडी सोडून मोटारीने मुंबई गाठावयाची झाली, तर जूचंद्र मागे टाकून बापाणे फाट्याशी राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागणे आणि तेथून वर्सोवा पुलापर्यंतच्या रांगेत सामील होणे, याखेरीज दुसरा मार्ग त्यास सहसा नसतो. कारण खाडीपलीकडचे भाईंदर डोळ्यांना दिसत असले, तरी तेथवर थेट मोटार नेणारा पूल अद्याप वाहतुकीस खुला झालेला नाही. गुजरातेतून येणारा माल, बंदराकडे निघालेले कंटेनर, चिंचोटीवरून कामण-भिवंडीकडे वळणाऱ्या मालमोटारी, आणि अलीकडच्या वर्षांत नायगाव पूर्वेला वसलेल्या नव्या वसाहतींतील कुटुंबांच्या लहान मोटारी, अशी सर्व प्रकारची वाहने या एकाच रस्त्यावर कधी सुसाट तर कधी पावलापावलाने चालतात. या दोन गतींच्या सांध्यावर, म्हणजे वेगाने येणाऱ्या चालकाला पुढची रांग थांबलेली आहे हे उशिरा उमगते त्या क्षणी, जी इजा संभवते तिच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

मागून धक्का बसतो. बहुधा तो फार मोठा नसतो. दोन्ही चालक खाली उतरतात, बंपर पाहतात, दोन शब्द चढ्या आवाजात होतात, मागच्या वाहनांचे भोंगे सुरू होताच घाईने काहीतरी तडजोड होते आणि ज्याची त्याची मोटार मार्गस्थ होते. कोणास खरचटलेले नसते, रक्ताचा थेंब सांडलेला नसतो, म्हणून पंचनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु त्याच रात्री, अथवा दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढच्या मोटारीत बसलेल्या माणसाची मान वळेनाशी होते, मस्तकाच्या मागील भागातून निघालेली कळ खांद्यात उतरते, क्वचित बोटांना मुंग्या येतात, आणि जे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत निवळते तेच काहींच्या वाट्यास महिनोन्‌महिने येते. वैद्यक या इजेस व्हिपलॅश म्हणते. ही इजा पुष्कळ अंशी कमी करता येते. ती कमी करण्याचे साधन आपल्या मोटारीत, आपल्याच डोक्यामागे, मोटारीच्या किमतीत धरून घेतलेले असते. आणि केवळ ही इजा डोळ्यांना दिसत नाही या एका कारणास्तव आपण नागरिक, मोटारी विकणारे, परवाने देणारे आणि नियम करणारे, अशा सर्वांनी त्या साधनाची उपेक्षा चालविली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धक्का बसताच प्रत्यक्षात काय घडते ते समजल्याखेरीज या उपेक्षेचे गांभीर्य कळावयाचे नाही. मोटार पुढे ढकलली जाते, मोटारीबरोबर आसन, आणि आसनाबरोबर त्याला टेकलेली पाठ. परंतु साडेचार-पाच किलो वजनाचे डोके जडत्वाच्या नियमाने जागच्या जागी राहू पाहते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चाललेल्या स्त्रीला कोणी मागून अकस्मात ढकलले तर घागर जशी मागे राहते तसाच हा प्रकार. भेद इतकाच की डोके सात मणक्यांच्या मानेने धडाशी जखडलेले असल्यामुळे जो ताण यावयाचा तो त्या मणक्यांवर आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या स्नायूबंधांवर येतो. या मणक्यांपैकी खालचे मागे वाकतात, त्याच वेळी वरचे पुढे वाकतात, आणि मान क्षणभर इंग्रजी ‘एस’ अक्षराचा आकार धारण करते. हे सर्व सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात उरकते, म्हणजे मानेचे स्नायू सावध होऊन ताठ होण्यापूर्वीच. पूर्वी असे मानले जाई की डोके पार मागे उलटे पडल्यानेच इजा होते. परंतु १९९० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की डोके मागे कलंडण्याच्या आधीच, या ‘एस’च्या अवस्थेतच, मणक्यांमागील लहान सांध्यांची आवरणे अनैसर्गिक रीतीने ताणली जातात. डोके आणि त्यामागचा आधार यांच्यातील अंतर किती, यावर इतके अवलंबून का असते, याचे उत्तर येथे आहे. अंतर जितके अधिक, तितका काळ डोके निराधार राहते, आणि या इजेला जेवढा काळ लागतो तो तर सेकंदाच्या एका अंशाहून अधिक नाही.

हाड मोडलेले नसते. एक्स-रे काढला तर तो निर्दोष येतो, आणि मग रोग्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा उरत नाही. ही आपत्ती नवी नव्हे. मुंबई-अहमदाबाद हा लोहमार्ग, ज्यावर आज नायगावचे स्थानक उभे आहे, तो १८६४ साली पूर्ण झाला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ साली, लंडनमधील जॉन एरिक एरिक्सन या शल्यचिकित्सकाने रेल्वेच्या अपघातांत सापडलेल्या अशा प्रवाशांविषयी ग्रंथ लिहिला की ज्यांच्या अंगावर जखम नव्हती, तरी ज्यांची पाठ, मान आणि मन पूर्ववत होत नव्हते. या विकाराला पुढे ‘रेल्वे स्पाइन’ असे नाव पडले. नुकसानभरपाई देण्याची पाळी आलेल्या रेल्वे कंपन्यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की हे दुखणे शरीराचे नसून मनाचे आहे, अथवा पैशासाठी घेतलेले सोंग आहे. आणि त्या वादात वैद्यांचेही दोन तट पडले. लोहमार्गाची जागा मोटाररस्त्याने घेतली, शतक उलटले, तरी न दिसणाऱ्या वेदनेविषयीचा हा संशय आपल्या दप्तरांतून आणि आपल्या घरांतूनही गेलेला नाही. ‘साधा धक्का तर होता’ हे वाक्य मान धरून बसलेल्या माणसाने किती वेळा ऐकलेले असते!

आता उपायाकडे वळू. अमेरिकेच्या शासनाने १ जानेवारी १९६९ पासून तेथे निर्माण होणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या पुढील आसनांना डोक्यामागचा आधार, म्हणजे हेडरेस्ट, असलेच पाहिजे, असा नियम केला. तेरा वर्षांनी, १९८२ साली, तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने या नियमाच्या फलिताची तपासणी केली, आणि तीत जे आढळले ते मला या संपूर्ण विषयातील सर्वांत बोलके वाटते. ज्या आसनांत पाठीचा भागच उंच करून हेडरेस्ट त्यात सामावून घेतले होते, तेथे मागील धडकेत होणाऱ्या इजा १७ टक्क्यांनी कमी झालेल्या होत्या. आणि ज्या आसनांत ते हाताने वरखाली करता येत होते, तेथे अवघ्या १० टक्क्यांनी. वास्तविक हाताने लावता येणारे साधन प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे ठेवता येते, म्हणून ते अधिक उपयुक्त ठरावे. परंतु बहुसंख्य लोकांनी ते कारखान्यातून आले तसे सर्वांत खालच्या खाचेत राहू दिले होते. नियम झाला, कारखानदाराने वस्तू दिली, ग्राहकाने पैसे मोजले, आणि केवळ हात मागे नेऊन एक कळ दाबण्याचे राहून गेल्यामुळे संरक्षणाचा मोठा हिस्सा वाया गेला. तो दोष अमेरिकेपुरता नाही. महामार्गावरील रांगेत उभे असताना शेजारच्या मोटारींत सहज डोकावून पाहावे. उंच माणसाच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या किंचित वर, हेडरेस्ट दबून बसलेले दृश्य इतक्या वेळा दिसते की ते तसेच असावयाचे, असा नवख्याचा समज व्हावा.

पुढे युरोपात या विषयाला निराळी गती मिळाली. १९९७ साली साब या स्वीडनच्या कंपनीने असे आसन बाजारात आणले की मागून धक्का बसताच प्रवाशाच्या स्वतःच्या पाठीचा दाब एका तरफेवर पडावा आणि त्या दाबाने हेडरेस्ट आपोआप वर व पुढे सरकून डोक्याला भेटावे. दुसऱ्याच वर्षी त्याच देशातील व्होल्व्होने आसनाची पाठच अशी रचली की ती धक्क्याबरोबर प्रथम समांतर मागे सरकते, मग किंचित कलते, आणि धक्क्याची ऊर्जा मानेपर्यंत पोचण्यापूर्वीच गिळून टाकते. आसनाचे शास्त्र हेडरेस्टपुरते नाही, हे या दुसऱ्या रचनेवरून ध्यानात येते. पाठ फार ताठ असली तर ती माणसाला पुढे भिरकावते, फार लेचीपेची असली तर मागे कोसळते आणि माणूस तिच्यावरून वर सरकून त्याचे डोके आधाराच्याही वर निघून जाते. साब कंपनीचे २०११ साली दिवाळे वाजले, पण तिने दिलेली दृष्टी टिकली. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २००८ साली दाव्यांच्या कागदपत्रांवरून काढलेला निष्कर्ष असा, की ज्या आसनांना त्यांच्या कसोटीत ‘उत्तम’ ठरविले गेले होते त्यांत बसलेल्यांच्या मानेच्या इजा ‘निकृष्ट’ आसनांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी होत्या, आणि तीन महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या इजा तर ३५ टक्क्यांनी. ज्या दुखण्याने माणसाची नोकरी, झोप आणि स्वभाव बदलतो ते हे रेंगाळणारे दुखणे. त्यामुळे हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आपल्याकडे काय झाले? ॲम्बॅसेडरचे सोफ्यासारखे सलग आसन आणि आरंभीच्या प्रीमियर पद्मिनीची खांद्यापर्यंत थांबणारी पाठ, यांवर आपल्या दोन पिढ्या मोटारीत बसावयास शिकल्या, आणि डोक्यामागे काही असावे ही कल्पनाच त्या पिढ्यांना अपरिचित राहिली. आज आसनांच्या आणि हेडरेस्टच्या मजबुतीसाठी मानके आहेत, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या गाजावाजाने अमलात आलेली ‘भारत एनकॅप’ ही मोटारींच्या सुरक्षेच्या गुणांकनाची पद्धत जेव्हा सुरू झाली, तेव्हा तीत समोरची धडक होती, बाजूची धडक होती, खांबावरची बाजूची धडक होती. मागून बसणाऱ्या धक्क्यात मानेचे काय होते, याची परीक्षा मात्र नव्हती. युरोपात ती २००८ पासून घेतली जात आहे. ग्राहक पाच तारे पाहून मोटार घेतो आणि समजतो की आपल्या देहाच्या प्रत्येक अवयवाची चौकशी झालेली आहे. ज्या देशात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली ४,६१,३१२ अपघात घडले आणि त्यांत मागून बसलेल्या धडकेचे प्रमाण एकपंचमांशाहून अधिक, म्हणजे सर्व प्रकारांत सर्वाधिक होते, त्या देशातील गुणांकनात ही त्रुटी लहान समजता येत नाही.

आरंभी सांगितलेल्या महामार्गावरच उत्तरेस, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. त्या धडकेचा प्रकार निराळा, आणि पट्ट्याचे कार्यही निराळे. मी त्या घटनेचे स्मरण एवढ्यासाठी करतो, की मागील आसनावरील पट्ट्याचा नियम तत्पूर्वी वर्षानुवर्षे कागदावर होता, तो न बांधल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूदही होती, आणि तरीही त्या एका मृत्यूनंतरच शासनाची आज्ञापत्रे निघाली, मुंबई पोलिसांनी अंमलबजावणीची तारीख मुक्रर केली, आणि घराघरांतून मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. मानेच्या इजेने कोणी प्रसिद्ध पुरुष सहसा मरत नाही. तिच्यासाठी असा दिवस उगवण्याची वाट पाहत बसलो, तर तो कधीच उगवणार नाही.

कायद्याची नजरही मोडलेल्या हाडावर आणि मिटलेल्या डोळ्यावरच खिळलेली आहे. अपघाताच्या नोंदीत मृत्यू, गंभीर दुखापत आणि किरकोळ दुखापत असे रकाने असतात. भारतीय दंडविधानाच्या ३२० व्या कलमाने अस्थिभंगाबरोबरच, वीस दिवस तीव्र वेदना होणे अथवा नेहमीचे व्यवहार करता न येणे यालाही गंभीर दुखापत म्हटले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. म्हणजे पंधरा दिवस मान न वळलेल्या माणसाचे दुःख कायद्याच्या व्याख्येत बसते. पण पंचनामा होतो त्या घटकेला हे पंधरा दिवस कोणी मोजावयाचे? दुखणे ज्या वेळी डोके वर काढते त्या वेळी कागद मिटलेला असतो, दोन्ही मोटारी घरी गेलेल्या असतात, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहावयाचे तर पहिल्या दिवसाचा एकही कागद हाती नसतो.

या दुर्लक्षाचा भार स्त्रियांवर अधिक पडतो, हे विशेष खेदाने नमूद केले पाहिजे. सारख्याच धक्क्यात स्त्रियांच्या मानेला इजा होण्याचा संभव पुरुषांहून अधिक असतो, हे अनेक देशांच्या आकडेवारीतून कित्येक दशके दिसत आले आहे. त्यांची मान अधिक सडपातळ असते, स्नायूंचे बळ कमी असते, आणि देहाच्या हलकेपणामुळे आसनाची पाठ त्यांच्याखाली पुरेशी दबत नाही. तथापि या धक्क्यासाठी स्वीडनमध्ये मोठ्या परिश्रमाने बनविलेला बायोरिड हा चाचणीचा पुतळा, ज्याला माणसाप्रमाणे चोवीस मणके आहेत, तोही मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा; सरासरी स्त्रीच्या मापाचा तसा पुतळा स्वीडनच्याच संशोधकांनी अगदी अलीकडे सिद्ध केला आहे. आमच्या शेजारचे जूचंद्र गाव रांगोळीसाठी महाराष्ट्रभर विख्यात आहे. तासन्‌तास मान खाली घालून रंगाचा एकेक कण सोडणाऱ्या कलावंताच्या मानेत अशा धक्क्याने कायमची कळ राहून गेली, तर त्याचे काय नाहीसे झाले हे कोणत्याही रकान्यात लिहिता येणार नाही.

तेव्हा प्रत्येकाने आपापल्या मोटारीत बसून करावयाची गोष्ट मी स्पष्ट सांगतो. प्रथम कंबर आसनाच्या पार मागे टेकवावी आणि पाठ जवळजवळ सरळ ठेवावी. आरामखुर्चीप्रमाणे मागे रेललेल्या आसनात हेडरेस्ट कितीही चांगले असले तरी डोक्यापासून दूर राहते. मग हेडरेस्टचा वरचा काठ आपल्या टाळूच्या उंचीला आणावा. माणूस फार उंच असल्यास निदान शेवटच्या खाचेपर्यंत वर काढावा, आणि खाचेत तो पक्का बसल्याचा आवाज ऐकावा. डोक्याची मागची बाजू व हेडरेस्ट यांमध्ये चार बोटांहून, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटरांहून, अधिक जागा राहू देऊ नये. घरात एकच मोटार दोघे चालवीत असतील तर आरसा जसा दरवेळी फिरवून घेतो तसेच हेही दरवेळी लावावे. नवी मोटार आल्याबरोबर आपल्याकडे जी सीट कव्हरे चढविली जातात ती पुष्कळदा ही कळच झाकून टाकतात, ती तेथे कापून मोकळी करावी. मानेमागे दोरीने लटकवलेली मऊ उशी डोक्याला आधार देत नाही. उलट मान पुढे लोटून डोके अधिक निराधार करते, म्हणून ती काढून टाकावी. मागील आसनावरची हेडरेस्ट मागचे दिसत नाही म्हणून किंवा सामान मावत नाही म्हणून उपटून माळ्यावर टाकण्याची रीत तर सर्वस्वी त्याज्य आहे, कारण मागून येणारा धक्का सर्वांत जवळून सोसणारे मागील आसनावरचे प्रवासीच असतात, आणि त्या जागेवर आपण बहुधा आपल्या वृद्ध मातापित्यांना बसवितो. थांबलेल्या रांगेत, मागून येणारे वाहन थांबत नाही असे आरशात दिसलेच, तर मान वळवून पाहू नये. डोके मागे टेकवून दृष्टी समोर ठेवावी. आणि धक्क्यानंतर हातापायांत बधिरता, अशक्तपणा किंवा तीव्र वेदना जाणवल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा. एरव्हीही मानेला आठवडेच्या आठवडे पट्टा लावून बसण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल सुरू करणे हितावह, असे आजचे वैद्यक सांगते.

स्थानकापासून घरापर्यंत शेअर रिक्षाने जाणाऱ्या असंख्य नायगावकरांना यांतले काहीच उपलब्ध नाही, याची मला जाणीव आहे. रिक्षाच्या आसनाला खांद्यापलीकडे आधार नसतो. त्यांचे संरक्षण मागून येणाऱ्या चालकाने राखलेल्या अंतरातच आहे, आणि ते अंतर राखावयास लावणे हे वाहतूक पोलिसांचे काम आहे.

शासनाकडे मागावयाचे ते फार नाही. परवान्याच्या परीक्षेत उमेदवार मोटारीत बसताच त्याने आसन, आरसा, पट्टा आणि हेडरेस्ट या क्रमाने सर्व नीट लावले की नाही हे पाहण्यास वसईच्या परिवहन कार्यालयाला एक मिनिट पुरेल. मोटार विकणाऱ्याने किल्ली हाती देताना फोटो काढण्यापूर्वी खरेदीदारास एकदा आसनावर बसवून हेडरेस्ट लावून द्यावे. भारत एनकॅपच्या गुणांत मागील धडकेतील मानेच्या रक्षणाला स्थान मिळावे, आणि त्या कसोटीत स्त्रीच्या मापाचाही पुतळा बसविला जावा. राहता राहिली अपघाताची नोंद. १ ऑक्टोबर २०२० रोजी स्थापन झालेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाला आपल्या हद्दीतील या महामार्गापुरती तरी अशी तजवीज करता येईल, की मागील धडकेची वर्दी आली म्हणजे दोन्ही वाहनांतील सर्व प्रवाशांची नावे व दूरध्वनी टिपून घ्यावेत, तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा पंधरवड्याने त्यांची विचारपूस करावी, आणि जे उत्तर मिळेल ते त्याच कागदावर, तारीख घालून, लिहून ठेवावे.